बाईसुद्धा देवाचंच प्रतिरूप? पंडिता रमाबाईंनी या प्रश्नासाठी अख्खं आयुष्य घालवलं

कोजागरीला सोलापूरहून तामलवाडीमार्गे तुळजापूरला निघालेले भाविकांचे जथे तुम्ही पाहिले असतील. पाय सुजलेले असतात, पण देवीचं दर्शन घ्यायचंच असतं.

दीडशे वर्षांपूर्वी एक कुटुंब असंच तीर्थामागून तीर्थं पायी फिरत होतं. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि मुलं. अनंतशास्त्रींनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. मग लक्ष्मीबाईंनी ते धाकट्या लेकीला शिकवलं. ती लेक म्हणजे रमा, जन्म 23 एप्रिल 1858.

पुराण सांगून पोट भरायचं, मिळेल ते दान करायचं, पुढचं तीर्थ गाठायचं. 1870 च्या दशकात दुष्काळ पडला आणि आई, वडील, थोरली बहीण असे तिघं गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास चालत राहिले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले.

तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण शास्त्रं वाचताना तिला एक गोष्ट खटकली. ग्रंथांचं एकमेकांशी पटत नव्हतं, मात्र बाईची जात वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, यावर त्यांचं एकमत दिसत होतं.

1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. 1882 मध्ये तेही पटकीनं गेले. वय अवघं 23, पदरात मनोरमा नावाची तान्ही लेक.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी बाई शिक्षक आणि बाई डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे लंडनच्या फुलहॅम भागात जोगिणींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि कुणी त्यांना हिणवत नव्हतं. रमाबाई चक्रावल्या. हे येतं कुठून? 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता मूळ मुद्दा. बायबलच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, नर आणि नारी दोघांनाही. मूळ हिब्रू शब्द आहे 'त्सेलेम', म्हणजे मूर्ती किंवा प्रतिमा. इजिप्त आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा हा मान राजाचा असायचा. या ग्रंथानं तो सरसकट प्रत्येक माणसाला देऊन टाकला.

याचा अर्थ देवाला नाक-डोळे आहेत असा नाही. कुणी म्हणतं, प्रतिरूप म्हणजे बुद्धी. कुणी म्हणतं, नातं जोडण्याची ताकद. कुणी म्हणतं, देवाच्या वतीनं सृष्टी सांभाळायची जबाबदारी. पण बुद्धी हेच माप धरलं, तर तान्हं बाळ किंवा स्मृती गेलेली आजी कुठे बसणार? म्हणून बरेच अभ्यासक सांगतात की हा मान कमवावा लागत नाही, म्हणून तो हिरावताही येत नाही.

पण असं लिहिलेल्या धर्मातही सगळं आलबेल नव्हतं. रमाबाईंनी पुरुषांना शिकवू नये, असं काही बिशपांना वाटत होतं. बाईंनी तिथेही मान तुकवली नाही. देव मानला म्हणजे माणसांचा प्रत्येक हुकूम मानायचा, हे त्यांना मान्य नव्हतं.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सेवेच्या आडून धर्मांतर, हा आक्षेप त्यांच्यावर शेवटपर्यंत राहिला.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतः दुष्काळात पोळलेल्या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं. अंध मुलींना शिक्षण, 'पतित' म्हणून हाकललेल्या बायकांसाठी कृपा सदन, शेती, विणकाम, छापखाना.

त्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या. संस्कृत पंडितेनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर 1924 मध्ये पूर्ण छापून आलं.

बाईसुद्धा देवाचंच प्रतिरूप आहे हे वाक्य मराठीत लिहिलं एका विधवेनं, आणि ते छापणाऱ्या हात होते समाजानं नको म्हटलेल्या बायकांचे.

रमाबाईंचा धर्म तुम्हाला पटो न पटो. दारात उभा असलेला माणूस कोण, हे ठरवायचं माप कोणतं, हा त्यांचा प्रश्न मात्र सगळ्यांनाच लागू होतो.