‘थ्री नॉट थ्री’मागचा घड्याळजी

भारतीय पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसणारी ‘थ्री नॉट थ्री’ रायफल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या ‘ली-एनफिल्ड’ या नावातील एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा सरकारी शस्त्रकारखाना, हेही पुष्कळांना ठाऊक असते. १८५७च्या उठावाला निमित्त ठरलेल्या काडतुसांमुळे ते नाव आपल्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. ली हे नाव मात्र उपेक्षित राहिले. ते होते जेम्स पॅरिस ली या व्यवसायाने घड्याळजी असलेल्या संशोधकाचे.

लींचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधील हॉइक या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब कॅनडात गेले आणि गॉल्ट या गावी स्थायिक झाले. वडिलांचा व्यवसाय घड्याळे व दागिने घडविण्याचा. त्यांच्याच हाताखाली जेम्स बारीक कामात तरबेज झाले. बाराव्या वर्षी एका जुन्या पिस्तुलाची नळी वापरून आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरून त्यांनी पहिली बंदूक बनविल्याचे सांगितले जाते. ती धड चालली नाही. पण लागलेला नाद सुटला नाही. पुढे चॅटहॅम येथे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले आणि नंतर ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेले.

तेथे यादवी युद्ध पेटले होते. नळीच्या तोंडातून दारू ठासण्याऐवजी मागील बाजूने काडतूस भरता येईल अशी रचना लींनी तयार केली. १८६५ मध्ये त्यांना सैन्याकडून एक हजार कार्बाइनची मागणी मिळाली आणि मिलवॉकी येथे कंपनी उभी राहिली. परंतु नळीच्या मापावरून वाद झाला, लष्कराने माल नाकारला आणि सारा उद्योग कोसळला. मापातील किरकोळ फरकाची एवढी जबर किंमत मोजावी लागलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर मापांशीच झुंज घेतली.

त्यानंतर ते रेमिंग्टन कंपनीच्या सहवासात आले. त्या काळी एकाहून अधिक गोळ्या साठविणाऱ्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक राहत. लींनी ती एकावर एक रचली. पोलादी पत्र्याची एक पेटी, तिच्या तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर सरकती पट्टी आणि वरच्या तोंडाला काडतूस अडवून धरणाऱ्या आत वळविलेल्या कडा, एवढाच हा पसारा. बोल्ट पुढे ढकलला की वरचे काडतूस नळीत जाई आणि खालचे त्याची जागा घेई. पेटी रिकामी झाल्यावर ती काढून भरलेली दुसरी बसविता येई. ४ नोव्हेंबर १८७९ रोजी या रचनेला अमेरिकेत पेटंट मिळाले.

नशिबाने येथेही परीक्षा पाहिली. उत्पादन हाती घेतलेली शार्प्स कंपनी १८८१ मध्ये बंद पडली आणि अपुरे काम रेमिंग्टनने पूर्ण केले. खरी मान्यता दिली ती ब्रिटनने. प्रदीर्घ चाचण्यांनंतर १८८८ मध्ये लींची यंत्रणा आणि मेटफर्ड यांची नळी असलेली रायफल ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. १८९५ मध्ये एनफिल्डची नळी आली आणि ली-एनफिल्ड जन्मली.

पण सेनाधिकाऱ्यांना वेगळीच धास्ती होती. दहा गोळ्या हाताशी असल्या की शिपाई त्या उधळतील! म्हणून मॅगझिन झाकणारी पट्टी बसविण्यात आली. शिपायाने एकेक काडतूस हाताने भरावे आणि मॅगझिन आणीबाणीसाठी राखून ठेवावे, असा दंडक होता. पेटी हरवू नये म्हणून ती साखळीच्या कडीने रायफलीलाच अडकविली जाई. पेटी बदलण्याची लींची मूळ कल्पना अशा रीतीने जखडली गेली. पुढे पाच-पाच काडतुसे पट्टीने वरूनच भरली जाऊ लागली.

या रायफली एक कोटीहून अधिक संख्येने बनल्या. महायुद्धांनंतर त्या अमेरिका-कॅनडात शिकारी व संग्राहकांना स्वस्तात मिळू लागल्या. जाणकार गिऱ्हाईक तेव्हा नळीइतकेच बारकाईने मॅगझिन पाहू लागले. वरच्या कडा किंचित वाकल्या, पत्र्याला पोचा पडला, आत गंज चढला किंवा स्प्रिंग थकली, की काडतूस तिरके होऊन अडकते. एका रायफलीची पेटी दुसरीत नीट बसेलच असेही नसते. काडतुसाच्या बुडाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे अडकली, तर निर्दोष मॅगझिनही ऐनवेळी दगा देते.

२४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेक्टिकटमधील शॉर्ट बीच येथे लींचे निधन झाले. त्यांच्या रायफलीने दोन महायुद्धे पाहिली. बंगालमधील इछापूरच्या कारखान्यातही ती घडली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलीस हीच जुनी रायफल घेऊन अतिरेक्यांसमोर उभे राहिले. बोल्ट ओढून एकेक गोळी झाडणाऱ्या त्या शस्त्रासमोर एके जातीच्या स्वयंचलित रायफली होत्या. त्यांची ताकद होती क्षणात बदलता येणाऱ्या भरलेल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे ज्या कल्पनेला एकेकाळी साखळी घातली गेली, तिच्यातच. घड्याळजीच्या कल्पनेची दोन रूपे त्या रात्री समोरासमोर आली. जुने रूप हाती असलेल्यांजवळ धैर्य तेवढे अधिक होते.