ओहम : एका कुलुपवाल्याचा मुलगा
बी. ए. भाग २

स्पीकरच्या पाठीमागे एक लहानशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर ४ किंवा ८ असा आकडा आणि त्यापुढे ओहम हा शब्द छापलेला असतो. आपण गाणे ऐकतो, चिठ्ठी वाचत नाही. तो शब्द एका माणसाचे आडनाव आहे, हे गेल्या नवरात्रापर्यंत मलाही ठाऊक नव्हते.

अमरावतीत अंबादेवीची यात्रा भरली होती. मी सुट्टीत गावी गेलो, तर दादाने उसने पैसे घेऊन एक जुना ॲम्प्लिफायर आणि चार स्पीकर आणलेले. चौघांच्याही तारा त्याने एकाच जागी आवळल्या. घर असे घुमू लागले की शेजारची पोरे दारात गोळा झाली. पण अर्ध्या तासात जळका वास आला आणि सारे शांत झाले. आमचे बाबा लोहार आहेत. भात्यापुढे बसून, विळ्या-कुऱ्हाडींना धार लावून त्यांनी जमवलेले माझ्या खोलीभाड्याचे पैसे त्या दुरुस्तीत गेले. पुढच्या वर्षी मला शिकवावे की नाही, याची चर्चा त्या रात्री घरात प्रथमच झाली.

अमरावतीच्या मिस्त्रीने मला चूक समजावून सांगितली. प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा होता. चार स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध ८ राहत नाही, तो २ होतो. तो ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवायचा नव्हता. रोध चौथाई झाला, म्हणून तेवढ्याच दाबाला विद्युतधारा चौपट वाहू लागली आणि आतले ट्रान्झिस्टर जळाले. हा हिशेब कोणाचा, असे मी विचारले, तेव्हा त्याने चिठ्ठीवरच्या शब्दावर बोट ठेवले. कला शाखेचा विद्यार्थी असूनही मी ग्रंथालयात विज्ञानाच्या कपाटापुढे उभा राहिलो तो त्यामुळे.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर होते. आई एका शिंप्याची मुलगी. जॉर्ज दहा वर्षांचा असताना ती वारली. वडील शाळेत फारसे शिकले नव्हते; पण स्वतःच्या जिद्दीने त्यांनी गणित आत्मसात केले होते आणि जॉर्ज व धाकटा मार्टिन या दोघांना ते त्यांनीच शिकवले. कारखान्यातला हात आणि वहीतले गणित या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच गुरूकडून मिळाल्या.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात गेला. तेथे तो नाच, बर्फावरची घसरगुंडी आणि बिलियर्ड्स यांत रमला. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या बापाला हे कसे सहन व्हावे? तीन सत्रांनंतर त्यांनी त्याला विद्यापीठातून काढले आणि तो स्वित्झर्लंडमध्ये गणिताचा शिक्षक झाला. तेथे त्याने एकट्याने अभ्यास केला आणि १८११ साली परत येऊन डॉक्टरेट मिळवली. पण पदवीने पोट भरेना. लहानसहान शाळांत तो शिकवत राहिला. १८१७ साली कोलोनच्या शाळेत नोकरी लागली आणि तेथील प्रयोगशाळा त्याच्या हाती आली.

प्रश्न साधा होता : तार लांब केली की विद्युतधारा किती घटते? त्या काळच्या विद्युतघटांचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे मापे चुकत. मग त्याने दोन धातूंचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. दाब स्थिर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीचे वळणे मोजून त्याने १८२६ मध्ये नियम शोधला. विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. आज शाळेतले मूल हे पाठ म्हणते.

१८२७ साली त्याचे पुस्तक निघाले. त्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याची आशा होती. उलट जर्मनीत अनेकांनी त्याची उपेक्षा केली. त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये तुटपुंज्या मिळकतीवर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. मान आला तो परदेशातून : १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १८४३ मध्ये त्याने आवाजाबद्दलही एक विचार मांडला. मिश्र स्वर कानात शिरला की कान त्याचे साध्या स्वरांत पृथक्करण करतो, असा तो विचार. त्यावरही वाद झाला.

म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद त्याला १८५२ साली मिळाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पद त्याने जेमतेम दोन वर्षे भोगले. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. त्याने लग्न केले नव्हते. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले गेले आणि कुलुपवाल्याचे आडनाव जगभरच्या स्पीकरांवर जाऊन बसले.

दिवाळीत मी पुन्हा गावी गेलो. दुरुस्त ॲम्प्लिफायर दादाने भीतभीतच बाहेर काढला. मी कागदावर आकृती काढली : दोन स्पीकर एकामागे एक, म्हणजे १६, तशा दोन जोड्या समांतर, म्हणजे पुन्हा ८. चारही स्पीकर वाजले, तासभर वाजले, ॲम्प्लिफायर फारसा तापला नाही.

बाबा भात्याजवळून बघत होते. हे गणित काढणाऱ्या साहेबाचे वडील काय करीत, असे त्यांनी विचारले. कुलुपे करीत आणि पोराला स्वतः शिकवीत, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी हात धुतले, स्पीकरची चिठ्ठी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि तिसऱ्या वर्षाची फी कधी भरायची ते विचारले.