मेक्सिकोत मक्याचे वाण घडविणारे वऱ्हाडनागपूरचे क्रांतिकारक : डॉ. पांडुरंग खानखोजे

नवा रायपूर – मका, गहू आणि सोयाबीन या पिकांचे यश पेरणीपासून कापणीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर अवलंबून असते. वाण त्या भागातील हंगामाला साजेसे हवे आणि त्याचे ज्ञान लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला हवे, या दोन तत्त्वांसाठी आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव अग्रभागी आहे.

वर्धा येथे जन्मलेले खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी लष्करी शिक्षणाबरोबरच कृषिशास्त्राचेही शिक्षण घेतले. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांचा समावेश होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र हाती घेतले. परिणामी मायदेशाची दारे त्यांना बंद झाली.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत दाखल झाले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात वनस्पतिशास्त्र व पीकसुधारणा हे विषय ते शिकवू लागले. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून अधिक उंचीवरील या प्रदेशात पाऊस उशिरा आल्यास पेरणी लांबते आणि दाणे भरण्यापूर्वीच थंडीचा कडाका पिकाला गाठतो. तुरा व कणसाचे केसर बाहेर पडण्याच्या दिवसांत पाण्याचा ताण पडला, तर कणसे रिकामी राहतात. त्यामुळे दुष्काळ व कडाक्याची थंडी सोसणाऱ्या वाणांवर त्यांनी भर दिला. मक्याचा रानटी आप्त असलेल्या तेओसिंतेचाही त्यांनी अभ्यास केला. गव्हावरही त्यांनी संशोधन केले.

प्रयोगशाळेतील काम शेतापर्यंत न्यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१० च्या क्रांतीनंतर जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ख्यातनाम चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान मिळाले, तर छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. ब्रिटिश काळातील काळ्या यादीत नाव असल्यामुळे स्वतंत्र भारतात प्रवेश करतानाही त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली; ती नंतर दूर झाली. प्रांताच्या कृषी धोरणविषयक कामात त्यांचा सल्ला घेण्यात आला. त्या वेळी नागपूर ही या प्रांताची राजधानी होती आणि आज छत्तीसगडमध्ये असलेला रायपूर जिल्हाही त्यातच समाविष्ट होता. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचे बियाणे आयात केले. हे वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या संशोधन कार्यक्रमातील होते. खानखोजे यांचे नव्हे. मात्र ज्या देशात खानखोजे यांनी त्यापूर्वी दोन दशके पीकसुधारणेचे काम केले होते, त्याच देशातील बियाणे भारताच्या शेतात रुजताना त्यांच्या हयातीतच दिसले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

२०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. छत्तीसगड हा प्रामुख्याने भाताचा प्रदेश असला, तरी तेथे मका, सोयाबीन आणि गहूही घेतला जातो. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या तेथील शेतकऱ्यासमोर आजही तोच प्रश्न आहे : हाती असलेले वाण आपल्या हंगामाला पुरे पडेल काय?