झटका द्यायचा की नाही? आयसीडीचे जनक मिशेल मिरोव्स्की

पेसमेकर आपल्याला ऐकून माहीत असतो. ठोके मंदावले की तो हृदयाला हलकेच ढकलतो. पण हृदय नुसतंच थरथरायला लागलं आणि रक्त पुढे जाईनासं झालं तर? मग काही मिनिटांतच विजेचा मोठा झटका द्यावा लागतो. तो शरीराच्या आतूनच देणारं यंत्र म्हणजे आयसीडी.

त्यामागचे डॉक्टर मिशेल मिरोव्स्की १९२४ मध्ये वॉर्सात एका ज्यू कुटुंबात जन्मले. १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा १५ वर्षांच्या या मुलानं घर सोडलं. युद्धानंतर परतला, तर घरचं कुणीच उरलं नव्हतं. पुढे फ्रान्समध्ये लिऑनला ते डॉक्टर झाले आणि मग इस्रायलला गेले. तिथले त्यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांच्या हृदयाची लय वारंवार बिघडायची. अशा माणसाला जन्मभर हॉस्पिटलमध्ये कसं ठेवणार? १९६६ मध्ये हेलर अचानक गेले. मिरोव्स्कींनी मनाशी घेतलं, झटक्याचं मशीनच रुग्णाच्या शरीरात बसवायचं. १९६८ मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरला आले. तिथे मॉर्टन मोवर या डॉक्टरांसोबत काम सुरू झालं.

मशीनला कळायचं कसं?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. निरोगी ईसीजीची रेषा बराच वेळ शून्याजवळ असते, मधेच उसळी मारते. थरथर सुरू झाली की ती शून्याजवळ टिकतच नाही. सुरुवातीचं मशीन नेमकं हेच बघायचं. चुकलं तर? झटका दिला नाही तर मृत्यू. उगाच दिला तर शुद्धीतल्या माणसाला जबर दणका. आमच्याकडे खोटा अलर्ट आला तर फार तर झोपमोड होते!

विरोधही झाला. १९७२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी या कल्पनेवर जाहीर टीका केली. लाउन म्हणजे झटक्याचं आधुनिक मशीन घडवणारे नामवंत डॉक्टर, आणि तेही स्थलांतरितच. मिरोव्स्कींनी कुत्र्यावरच्या प्रयोगाची फिल्म दाखवली: कुत्रा कोसळतो, आतून झटका बसतो, तो उठून उभा राहतो. कुत्र्याला पडायला शिकवलंय, असंही काहींनी म्हटलं. मग सोबत ईसीजी दाखवावा लागला.

४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये पहिल्या माणसात हे यंत्र बसलं. वजन जवळपास पाव किलो, जागा पोटात. १९८५ मध्ये अमेरिकेत सरकारी मंजुरी मिळाली. १९९० मध्ये मिरोव्स्की कॅन्सरनं गेले.

आज आयसीडी तळहातात मावतो. पण झटका द्यायचा की नाही, हा निर्णय अजूनही त्याला एकट्यानं, काही सेकंदांत घ्यावा लागतो.