संत योहान बाप्तिस्ता : जखऱ्याच्या घरचा आठवा दिवस

ख्रिस्तसभा आपल्या पंचांगांत तिघांचेच जन्मदिवस साजरे करिते : प्रभु येशूचा, पवित्र मरियेचा आणि संत योहान बाप्तिस्ताचा. २४ जून हा दिवस वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या जन्मानंतरच्या आठव्या दिवसाकडे आम्ही उपदेशकही फारसें लक्ष देत नाहीं. प्रस्तुत लेखकानें स्वतः कैक वर्षें त्या घरांतील पाटीची गोष्ट तेवढी सांगून पुढची वाट धरिली आहे.

जखऱ्या हा अबियाच्या वर्गांतील याजक, व अलीशिबा अहरोनाच्या कुळांतील. दोघेंही वृद्ध, निपुत्रिक. यरुशलेमच्या मंदिरांत धूप जाळतांना गब्रिएल दूतानें त्याला पुत्राचें वर्तमान व नांव सांगितलें. त्यानें शंका घेतली आणि त्याची वाचा गेली. पुढें यहूदियाच्या डोंगराळ मुलुखांत, परंपरेप्रमाणें एन केरेम गांवीं, मुलगा झाला.

मोशेच्या नियमानें आठव्या दिवशीं मुलाची सुंता करीत. शब्बाथ आला तरी दिवस टळत नसे. म्हणून शक्य ती तयारी आधींच उरकीत. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथांत या तयारीचा बारीक तपशील आहे : सुरी, बाळाला न्हाऊं घालण्यास ऊन पाणी, जखमेवर लावण्यास कुटलेलें जिरें, द्राक्षारस व तेल यांचें मिश्रण, बांधावयास पट्टी. शब्बाथापूर्वीं जिरें कुटावयाचें राहिलें तर तें दातांनीं चावून लावावें, इतकें त्यांत सांगितलें आहे! आपल्या स्वयंपाकघरांतील जिरें तेथें भेटावें याचें मला कौतुक वाटतें.

अलीशिबेच्या घरीं अशीच लगबग असणार. मात्र घरधनी मुका. जमलेल्या आप्तेष्टांनीं मुलाचें नांवही परस्पर ठरवून टाकिलें : बापाचें तेंच, जखऱ्या. त्यांत दुष्टावा नव्हता. म्हाताऱ्याचें नांव चालावें एवढीच माया. पण अलीशिबा अडून बसली. योहान हेंच नांव, असें तिनें सांगितलें. कुळांत या नांवाचा कोणी नाहीं म्हणून तिचा शब्द बाजूस सारून लोकांनीं बापाला खुणा केल्या. जखऱ्यानें पाटी मागविली आणि पत्नीनें सांगितलेलेंच नांव तीवर लिहिलें. परमेश्वर कृपाळू आहे, असा त्या नांवाचा अर्थ. तत्क्षणीं त्याची जीभ मोकळी झाली. त्यानें केलेलें स्तवन ख्रिस्तसभेच्या प्रातःप्रार्थनेंत आजही रोज म्हटलें जातें.

आपल्या कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांतही आठव्या दिवशीं सुंता होऊन मुलाचें नांव ठेवितात, आणि एलिया संदेष्ट्यासाठीं एक खुर्ची मांडितात. खुर्चीची चाल जखऱ्याच्या काळानंतरची. पण हा मुलगा एलियाच्या आत्म्यानें व सामर्थ्यानें चालेल, असें गब्रिएलानें सांगितलें होतें.

योहान अरण्यांत वाढला. उंटाच्या केसांचें वस्त्र, टोळ व रानमध हें अन्न. इ. स. २८-२९ च्या सुमारास तो यार्देनेच्या कांठीं पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देऊं लागला. प्रभु येशूनेंही त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. हेरोद अंतिपासानें भावाची पत्नी हेरोदिया आपल्या घरांत आणिली, तेव्हां योहानानें तें त्याच्या तोंडावर निषिद्ध ठरविलें. आईचा हट्ट मुलांत उतरला होता, असें मला वाटतें. मृत समुद्राच्या पूर्वेस मखेरस किल्ल्यांत त्याला ठार केलें, असें इतिहासकार जोसेफस लिहितो. शिष्यांनीं येऊन त्याचें शव नेलें व कबरेंत ठेविलें.