एका आईचा हट्ट

घरात कुणाला लकवा झाला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, की आमच्या वडीगोद्रीत घरचे आठ दिवस अगदी नेटाने करून घेतात. फरक दिसेना की तेल, लेप, नवस सुरू होतात आणि व्यायाम मागे पडतो. असं घर पाहिलं की मला फातिमा इस्माईल आठवतात.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ चा. माहेर मुंबईचं, सुखवस्तू. गिरणीमालक भाऊ उमर सोबानी स्वातंत्र्य चळवळीत पुढे असायचे. पण बाईंच्या आयुष्याला वळण लागलं ते लेकीमुळे. लहानग्या उषाला पोलिओ झाला. तेव्हा लस निघालेली नव्हती. पोलिओ म्हणजे कायमचं अपंगत्व, असंच बहुतेकजण धरून चालायचे. बाई मात्र लेकीला घेऊन थेट मद्रासला, हाडांचे डॉक्टर एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. हळूहळू सुधारणा दिसू लागली. पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात जवानांना फिजिओथेरपी देतात हे कळलं, तर तिथेही पोचल्या!

पोलिओत खरी परीक्षा असते ती पारखीची. एकाच पायातला एक स्नायू लुळा, तर शेजारचा धडधाकट. धडधाकट स्नायू आपल्याकडे ओढतो नि पाय वाकडा होतो. म्हणून एकेका स्नायूची ताकद वेगळी तपासायची. कुणाला व्यायाम, कुणाला विसावा, हे ठरवायचं. जास्त ताणलं तर दुबळा स्नायू थकतो, नुसतं निजवून ठेवलं तर सांधे आखडतात. हा निवाडा एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. आणि रोजचा व्यायाम करून घेणार कोण? आईच ना!

आपल्या लेकीचं बघितलं आणि बाई घरी बसल्या, असं झालं नाही. १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी चौपाटीवर जागा दिली. तिथे अपंग मुलांसाठी दवाखाना सुरू झाला, संस्था उभी राहिली. पुढे १९५३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षणही सुरू झालं. बाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण मैत्रिणींनो, लकवा आहे, हायवेवरचे अपघात आहेत, आखडलेले गुडघे आहेत. फिजिओथेरपिस्ट आपल्या माणसाला तासभर बघतो, आपण दिवसभर. काल हात किती उचलला, कुठे दुखलं, कधी दमल्या, हे सासूबाईंजवळ बसून आपणच बघायचं आणि जाऊन सांगायचं. फरक पडत नसेल तर व्यायाम परस्पर बंद करू नका. पुन्हा दाखवायला न्या. व्यायाम बदलायचा की वाढवायचा, ते तपासून ठरतं.

फातिमाबाई मद्रासहून पुण्याला गेल्या. आपल्याला अंबडला नाहीतर जालन्याला जायचंय, एवढंच!