अंधाऱ्या खोलीतले दिवे

शाबानच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास मानखुर्दच्या गल्ल्यांमधून लोक गच्चीवर चढतात आणि चंद्रकोरीसाठी नजर ताणतात. पण नजर म्हणजे नेमके काय? डोळ्यांतून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमीसारखे ग्रीक पंडित मानत. हा समज प्रयोगांच्या आधारे मोडून काढणारे विद्वान म्हणजे हसन इब्न अल-हैसम. युरोपने त्यांना ‘अल्हाझेन’ म्हटले.

इ. स. ९६५ च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात त्यांचा जन्म झाला. नाईल नदीचे पाणी बांध घालून काबूत आणता येईल, हा त्यांचा विचार कैरोचा फातिमी खलीफा अल-हाकिम याच्या कानावर गेला. त्याने त्यांना मानाने बोलावून घेतले. कारागिरांना बरोबर घेऊन ते अस्वानकडे निघाले. वाटेत प्राचीन मिसरी लोकांची भव्य बांधकामे दिसली आणि ते चपापले. एवढे जाणते लोक इथे होऊन गेले, नदी अडवणे शक्य असते तर त्यांनी ते केले नसते का? ते परतले आणि योजना जमणार नाही, असे त्यांनी दरबारात कबूल केले. सरकारी खर्चाने पाहणी करून आल्यावर असे सांगायला आजही धाडस लागते, आणि हा खलीफा तर लहरीपणासाठी कुप्रसिद्ध होता. जीव वाचवण्यासाठी इब्न अल-हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलीफाचा अंत होईपर्यंत ते नजरकैदेत राहिले, असे चरित्रकार सांगतात. हे चरित्रकार दोनशे वर्षांनंतरचे, तेव्हा हकिकत जरा जपूनच घ्यावी. मात्र ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ साधारण याच काळातला मानला जातो.

त्यातला दिव्यांचा प्रयोग फार साधा आहे. अंधाऱ्या खोलीला एक बारीक भोक, भोकाबाहेर वेगवेगळ्या जागी ठेवलेले काही दिवे. आतल्या भिंतीवर जितके दिवे तितकेच ठिपके उमटतात. एक दिवा झाकला की त्याच्यासमोरचा तेवढाच ठिपका नाहीसा होतो. झाकण काढले की तो पुन्हा त्याच जागी येतो. म्हणजे सगळा प्रकाश एकाच भोकातून आला तरी एकमेकांत मिसळत नाही, प्रत्येक किरण आपल्या सरळ वाटेने जातो. डोळ्याच्या एवढ्याशा बाहुलीतून अख्खा बाजार कसा दिसतो, याचे कोडे इथून सुटू लागले. आज स्क्रीनवर प्रकाशाचे ठिपके एकेक करून लावतात आणि सेन्सरवर कोणता कुठे पडला ते पाहून बारीक कॅमेऱ्याची चाचणी घेतात. मांडणी तीच, फक्त दिव्याच्या जागी पिक्सेल आणि भिंतीच्या जागी सेन्सर.

पत्र्याच्या घरात दुपारी जमिनीवर पडणारे कवडसे सगळ्यांनी पाहिलेले असतात. पत्र्याचे छिद्र वेडेवाकडे, पण कवडसा गोल! कारण ते सूर्याचे चित्र असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. छिद्र मोठे केले की सूर्याचा आकार हरवतो आणि छिद्राचाच आकार दिसू लागतो. ग्रहणाच्या आकारावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला, तो याच विषयावर.

सगळेच त्यांना साधले असे नाही. दृश्याची जाणीव डोळ्यातल्या भिंगातच होते, असे ते मानत. चित्र आतल्या पडद्यावर, तेही उलटे, उमटते हे केप्लरने १६०४ मध्ये मांडले. पण टॉलेमीच्या चुका दाखवणारे पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाला आपलीही चूक कुणी काढली याचे वाईट वाटले नसते.

सुटकेनंतर ते अल-अझहरच्या आसपास राहिले. युक्लिड आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला करून विकायच्या आणि त्यावर वर्ष काढायचे, असा त्यांचा गुजारा होता. १०४० च्या सुमारास कैरोतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ मध्ये बाझेलला छापले गेले. त्याच्या कितीतरी आधी इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसी यांनी या ग्रंथावर भाष्य लिहिले. पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही, म्हणून त्यांनी काचेचा गोळा पाण्याने भरून अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि त्यावर प्रकाश सोडला. किरण आत शिरताना एकदा वळतो, आत एकदा परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. इंद्रधनुष्य असे तयार होते, हे त्यांना त्या गोळ्यात दिसले.